सुरबानाना टिपणीस: चवदार तळ्याच्या गावचे नगराध्यक्ष

सावित्रीकाठ

नगरपालिकेच्या निवडणुका जवळ आल्या की आमच्या महाडच्या व्हॉट्सॲप गटांवर जुन्या नगराध्यक्षांच्या आठवणी निघतात. कुणी पाण्याची टाकी बांधली, कुणी मंडईला छप्पर घातलं, पुराच्या रात्री कोण कमरेएवढ्या पाण्यातून फिरलं. मागे अशाच एका चर्चेत मी सुरबानाना टिपणीसांचं नाव घेतलं. तिघांनी हात जोडलेली चित्रं टाकली आणि विषय पुढे गेला. मला ते फार लागलं. ज्या माणसाच्या काळात आमच्या गावचं नाव देशाच्या इतिहासात गेलं, त्याच्याबद्दल गावाला चार ओळी सांगता येऊ नयेत?

म्हणून हा धागा. मला माहीत आहे ते लिहितो, तुम्ही भर घाला.

सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस. महाडकरांचे सुरबानाना. जन्माने चांद्रसेनीय कायस्थ प्रभू. १९२७ साली ते महाड नगरपालिकेचे अध्यक्ष होते. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा, रायगड हे नाव १९८१ पासूनचं. महाड हे सावित्रीच्या खाडीवरचं व्यापारी गाव, तालुक्याचं ठिकाण. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं बाजाराला यायची आणि सरकारी कामालाही यायची. महार समाजातल्या माणसांना तर गावकामगार म्हणून यावंच लागे, सरकारी टपाल घेऊन, वसुलीचं काम घेऊन. आणि आल्यावर तहान लागली तर गावच्या मध्यावर भरलेल्या चवदार तळ्याला त्यांनी हात लावायचा नाही. मुसलमान, ख्रिस्ती पाणी भरत. गुरं पीत. यांना मात्र बाजारापासून लांब असलेल्या आपल्या वस्तीतल्या विहिरीपर्यंत जावं लागे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. सरकारने आपल्या कचेऱ्यांना हुकूम काढले. नगरपालिकांना मात्र हुकूम नव्हता, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत नुसता सल्ला होता. मुंबई इलाख्यातल्या कितीतरी नगरपालिकांनी तो कागद तसाच फडताळात ठेवला असेल. महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी ठराव केला, की चवदार तळं अस्पृश्यांना वापरू देण्यास आपली हरकत नाही.

पुढची तीन वर्षं एकही माणूस तळ्यावर गेला नाही.

माझं मन या तीन वर्षांशी अडकतं. ठराव होता, तळं नगरपालिकेचं होतं, कायद्याने कुणाचीच आडकाठी नव्हती. तरी पाणी होतं तिथेच होतं. मग १९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष. २० तारखेला सारे प्रतिनिधी चवदार तळ्यावर चालत गेले आणि बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतलं. त्या दिवशी गावचा नगराध्यक्ष घरात बसून राहिला नव्हता. तो या बाजूला उभा होता.

माझं म्हणणं एवढंच: नगराध्यक्षाचं काम सहीपाशी संपत नाही, हे सुरबानानांनी दाखवलं. सही तर १९२४ पासून होतीच.

---

निळी पहाट

धागा चांगला आहे, पण सुरुवातीलाच एक स्पष्ट बोलते. नानांबद्दल मला आदर आहे. तरीही "नगराध्यक्षांनी तळं खुलं केलं" अशा पोस्टी २० मार्चला फिरतात तेव्हा जीव तुटतो. तळं खुलं केलं ते त्यावर चालत गेलेल्यांनी. घरून भाकऱ्या बांधून, दोन-दोन दिवस पायपीट करून आलेली माणसं ती. कुणाच्या खांद्यावर घोंगडी, हातात काठी, बरेचसे पलटणीतून निवृत्त झालेले. आमच्या घरातले पणजोबा पोलादपूरच्या बाजूने आले होते. आमच्याकडे ती गोष्ट तळ्यापासून नाही, भाकरीपासून सुरू होते: पणजीने किती भाकऱ्या थापल्या आणि त्या कशा पुरवून खाल्ल्या.

परिषदेत माणसांना प्यायला पाणी कुठून आलं, माहीत आहे? सवर्णांकडून चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. १९२७ सालचे चाळीस रुपये. तळं भरलेलं, नगरपालिकेचा ठराव तीन वर्षांचा जुना, आणि पाणी विकत.

आणि महाड का? तर दासगावच्या रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यामुळे. शिष्यवृत्ती मिळवलेल्या या मुलाला महाडच्या शाळेत जातीमुळे प्रवेश मिळेना. त्या पोराने वर्तमानपत्राला पत्र लिहून भांडून प्रवेश मिळवला, तरी बसायचं वर्गाबाहेरच. तोच मोठा होऊन बाबासाहेबांना म्हणाला, परिषद महाडला घ्या. धाग्याच्या पहिल्या लेखात मोरे नाहीत, हे मला खटकलं.

---

सावित्रीकाठ

ताई, तुमचं खरं आहे. मोरे यायलाच हवे होते, माझी चूक. रात्री मूळ लेखात घालतो.

---

निवृत्त कारकून

मी कोकणातल्याच एका नगरपालिकेत सभा विभागात पस्तीस वर्षं काढली. ठराव लिहिण्यातच आयुष्य गेलं, म्हणून या विषयावर बोलावंसं वाटतं.

सभेत ठराव कसा होतो ते बाहेरच्यांना फारसं माहीत नसतं. विषयपत्रिका निघते, सूचक उभा राहतो, अनुमोदक उभा राहतो, "सर्वानुमते मंजूर" असं इतिवृत्तात चढतं. पुढच्या सभेत ते इतिवृत्त कायम होतं. इथवर सगळं कागदावर. मग अंमलबजावणी. आणि तिथे असंख्य ठराव मरतात, माझ्या डोळ्यांदेखत मेले आहेत. कुणी विरोध केला म्हणून नव्हे, तर कुणी मागे लागलं नाही म्हणून. "ठराव क्रमांक अमुक प्रमाणे कार्यवाही प्रस्तावित" हे वाक्य मी किती फायलींवर लिहिलं असेल, मोजदाद नाही.

महाडच्या ठरावातले "हरकत नाही" हे शब्द पाहा. आमच्या भाषेत याचा अर्थ, आम्ही आड येणार नाही, पण पुढेही होणार नाही. तळ्यावर पाटी लावू, दवंडी पिटू, पहिल्या दिवशी नगरपालिकेचा शिपाई उभा करू, असं त्यात काही नाही. सगळा भार पाणी प्यायला जाणाऱ्यावर. मार बसला तर त्याला बसणार.

म्हणून सावित्रीकाठ यांचा मुद्दा मला पटतो आणि निळी पहाट यांचाही. ठराव जिवंत केला तो चालणाऱ्यांनीच. पण अध्यक्षाच्या खुर्चीवरचा माणूस त्यांच्या विरोधात असता, तर गोष्ट निराळी झाली असती. मंडपाला जागा, मिरवणुकीला वाट, पोलिसांना पत्र, कशातही खोडा घालायला पालिकेचा एक कागद पुरतो. अडवणूक किती सोपी असते ते आम्हा कारकुनांना विचारा.

---

शिक्षिका माणगाव

मुलांना हा पाठ शिकवताना मी पुढचं नेहमी सांगते, कारण पुस्तकात बहुतेक वेळा ओंजळीपाशी चित्र संपतं.

पाणी पिऊन लोक मंडपात परतले. गावात कुणीतरी उठवलं, की आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार. वीरेश्वर महाडचं ग्रामदैवत. अफवा वाऱ्यासारखी फिरली आणि लाठ्याकाठ्या घेऊन जमाव मंडपावर आला. काही माणसं जेवत होती, काही गावी निघायच्या तयारीत होती. अन्न मातीत गेलं. वाटेवर एकट्यादुकट्याला गाठून मारलं. कित्येकांना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. बाबासाहेब डाक बंगल्यावर होते. त्यांच्याभोवती पलटणीत राहिलेले गडी जमले होते, एका शब्दाची वाट पाहत. त्यांनी तो शब्द दिला नाही, उलट हात आवरायला सांगितलं. पुढे हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली.

आणि तळ्याचं "शुद्धीकरण". १०८ घागरी पाणी काढलं, शेण, गोमूत्र, दूध, दही घातलं, मंत्र म्हटले, आणि पाणी पुन्हा प्यायला योग्य झालं असं जाहीर केलं. सातवीतली मुलगी एकदा मला म्हणाली, "बाई, शेण घातल्यावर शुद्ध?" मला तिला पुढे काही सांगावं लागलं नाही.

---

वकिलीण

कायद्याच्या बाजूने थोडं.

४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने १९२४ चा ठराव रद्द केला. तारीख पाहा. बोले ठरावाला त्याच दिवशी चार वर्षं झाली होती. म्हणजे ज्या संस्थेने दार उघडलं तिनेच ते लावून घेतलं. नगराध्यक्ष पुरोगामी असून भागत नाही, सभागृहात मतं मोजली जातात, याचं याहून ठसठशीत उदाहरण मला ठाऊक नाही. (निवृत्त कारकून काका, तुम्ही ठराव मरतात म्हणालात. हा मेला नव्हता, जिवंत झाला होता म्हणून मारला गेला.)

मग डिसेंबरात दुसरी परिषद ठरली, पुन्हा तळ्यावर जाण्यासाठी. त्याआधी सनातनी मंडळींनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला: तळं खासगी आहे आणि अस्पृश्यांनी त्याला शिवायचं नाही ही अनादी काळची वहिवाट आहे. १४ डिसेंबर १९२७ ला तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. प्रतिवादींमध्ये बाबासाहेब आणि सीताराम नामदेव शिवतरकर होते. न्यायालयाचा हुकूम मोडायचा नाही असं ठरवून परिषदेने तळ्यावर जाणं थांबवलं.

१९३१ ला महाडच्या न्यायालयात निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला. वादींनी अपील केलं, तिथेही हरले. पुन्हा अपील. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने ते फेटाळलं: अशी अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही. निकालपत्र न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांचं. १९२२ साली अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच ब्रूमफील्ड.

एका ओंजळीसाठी पहिल्या सत्याग्रहापासून तीन दिवस कमी दहा वर्षं.

---

दासगाव बंदर

आमच्या गावाचा उल्लेख आला म्हणून लिहितो. डिसेंबरात बाबासाहेब मुंबईहून बोटीने आले ते आमच्या दासगाव बंदरात. बोटीचं नाव पद्मावती. तिथून महाडपर्यंत पाच मैल मिरवणुकीने चालत. रस्त्याने यायचं तर मोटारवाल्यांनी नकार दिलेला. परिषदेला सवर्णांपैकी कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन दिली. २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृतीचं दहन त्याच ठिकाणी झालं. तो ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण.

याआधीचीही एक गोष्ट इथे हवी. गोपाळबाबा वलंगकर इथलेच, महाडजवळच्या रावढळचे. १८८६ ला पलटणीतून निवृत्त झाले, १८८८ ला 'विटाळ विध्वंसन' लिहिलं. १८९५ ला त्यांची महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली आणि बोर्डातल्या सवर्ण सभासदांना ते रुचलं नाही. म्हणजे आमच्या तालुक्यात स्थानिक स्वराज्य संस्थेत कोण बसणार, कुणाच्या शेजारी बसणार हा झगडा टिपणीसांच्या आधी तीस वर्षं चालू होता. ज्या सभागृहात एका पिढीला शेजारी बसणंही चालत नव्हतं, तसल्याच सभागृहात पुढच्या पिढीत "हरकत नाही" लिहिलं गेलं. ते दोन शब्द कारकून काकांना कमी वाटले. मला वलंगकरांपासून मोजल्यावर ते तितके कमी वाटत नाहीत.

---

निवृत्त कारकून

दासगाव बंदर, मान्य. मी १९२७ कडून मागे पाहत होतो, तुम्ही १८९५ कडून पुढे पाहिलंत.

---

निळी पहाट

मलाही हे पटलं. पण एक प्रश्न उरतो आणि तो मी मनापासून विचारते आहे. पाठिंबा देणारे पुष्कळ असतात. एक दिवस येतात, फोटो निघतो, जातात. सुरबानाना मार्चनंतर कुठे होते? ठराव रद्द झाला, गाव तापलं, वरच्या आळ्यांत राहायचं तर त्यांना रोज त्याच माणसांत. मागे हटले का?

---

सावित्रीकाठ

ताई, या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठीच खरं तर धागा काढला होता.

नाहीत हटले. त्याचा पुरावा दहा वर्षांनंतरचा आहे. ऑगस्ट १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या निवडणुकीत या पक्षाचे बहुतेक उमेदवार राखीव जागांवर होते. सर्वसाधारण जागांवर जे मोजके निवडून आले, त्यांत रत्नागिरीतून अनंतराव चित्रे आणि शामराव परुळेकर, आणि कुलाब्यातून सुरेंद्रनाथ टिपणीस. हे तेच अनंतराव चित्रे, ज्यांनी २० मार्चला परिषदेत उठून सगळ्यांनी आता तळ्यावर जावं असं सुचवलं होतं.

विचार करा. ज्या गावात तळं बाटलं म्हणून १०८ घागरी उपसल्या, त्या जिल्ह्यात एक सवर्ण माणूस आंबेडकरांच्या पक्षाचं तिकीट घेऊन सर्वसाधारण जागेवर मतं मागतो. तिथे फोटोचा काय फायदा? मिळाली असतील तर शिव्याच.

आणि तो जिंकतो. हे मला गावाबद्दलही काही सांगतं, कारण मतं फक्त एका समाजाची नव्हती. कुळांची होती. कोकणात तेव्हा खोती होती. खोत सरकारच्या वतीने सारा गोळा करायचा आणि कुळाला पिळायचा. त्या कुळांत आगरी होते, कुणबी होते, महार होते. अलिबागजवळ चरीला नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा संप १९३३ पासून चालू होता, तो १९३९ पर्यंत टिकला. १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक कायदेमंडळात मांडलं, तेव्हा त्यांच्या बाकांवर कोकणातून आलेले हे तिघे होते. विधेयक तेव्हा पार पडलं नाही. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या अधिनियमाने.

म्हणजे सुरबानाना पाण्यापासून जमिनीपर्यंत बरोबर चालत आले. लोकांनी त्यांना दलितमित्र म्हटलं. मला वाटतं, "मित्र" या शब्दाची परीक्षा दुसऱ्या दिवशी होते आणि ते दहा वर्षं दुसऱ्या दिवशीही हजर होते.

---

निळी पहाट

हे वाचून बरं वाटलं. १९३७ चं मला इतकं तपशिलात माहीत नव्हतं. रत्नागिरी-कुलाब्याच्या सर्वसाधारण जागा आणि कुळांची मतं हे जोडून सांगितलंत ते महत्त्वाचं. आमच्या घरची गोष्ट भाकरीपासून सुरू होते म्हणाले ना, तर त्या भाकरीचं धान्यही कुणाच्या तरी खोतीतलंच असणार.

---

पायवाट

थोडं आजच्याबद्दल. मी एका छोट्या नगरपरिषदेत पाच वर्षं नगरसेवक होतो (गाव सांगत नाही). १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात नगराध्यक्षाचे अधिकार, मुख्याधिकाऱ्याचे अधिकार, ठराव स्थगित करायचे जिल्हाधिकाऱ्यांचे अधिकार, सगळं लिहिलेलं आहे. स्थगितीचं ३०८ कलम तर तोंडपाठ झालं. नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडायचा की नगरसेवकांतून, हेही सरकारं बदलत आली.

माझ्या वॉर्डात एका वस्तीला नळाचा जोड मिळत नव्हता. ठराव झाला होता. दोन उन्हाळे गेले. मी सभेत दोनदा प्रश्न विचारला, उत्तर लेखी आलं, मी फाईलला लावलं आणि समाधान मानलं. खाली वस्तीत बायका टँकरची वाट पाहत उभ्या असायच्या आणि मी तिथे गेलो नाही, कारण काय सांगणार? जोड मिळाला तो नंतर निवडून आलेल्या बाईंच्या काळात. त्या रोज सकाळी सात वाजता पाणीपुरवठा विभागाच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या, वस्तीतल्या चार बायकांना घेऊन. महिनाभरात काम झालं.

"सही तर १९२४ पासून होतीच" हे वाचलं तेव्हा मला तो नळ आठवला. हे लिहायला अवघड गेलं, पण लिहिलं.

---

शिक्षिका माणगाव

पायवाट दादा, लिहिलंत हे फार चांगलं केलंत.

यंदा सहलीला आठवीला महाडला नेणार आहे. आधी रायगडच ठरला होता, जवळचं गाव म्हणून महाडला नुसतं जेवायला थांबतात सगळे. या वेळी तळं, क्रांतिस्तंभ आणि जमलं तर दासगाव बंदर. मुलांना तळ्यापर्यंतची वाट चालत न्यायची आहे, बसने नाही. सावित्रीकाठ, वाट सांगाल का?

---

दासगाव बंदर

बाई, दासगावला या, मी बंदरावर थांबेन. भरतीची वेळ बघून सांगतो. ओहोटीला नुसता चिखल दिसतो आणि मुलांना बोट इथे कशी लागायची ते पटत नाही.

---

सावित्रीकाठ

बाई, नक्की. क्रांतिस्तंभापाशी उतरा, तिथून चालत येऊ. २० मार्चच्या आसपास मात्र नको, तेव्हा महाराष्ट्रभरातून माणसं येतात आणि गावात पाय ठेवायला जागा नसते. मुलांना तो दिवसही एकदा पाहू द्या, पण सहल म्हणून नाही, घरच्यांबरोबर.

मूळ लेखात दुरुस्ती करतो आहे. "कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली" या वाक्याच्या आधी आता असं वाचावं: "ही परिषद महाडला घ्यावी हा आग्रह दासगावच्या रामचंद्र बाबाजी मोरे यांचा." आणि चाळीस रुपयांच्या पाण्याची ओळ, निळी पहाट यांच्या नावाने.